'कशेळी' किती बाइटची? मराठी पत्ता अर्धवट का छापला जातो, समजून घ्या

ठाणे-भिवंडी मार्गावरच्या कशेळी, काल्हेर, पूर्णा पट्ट्यातील गोदामांत पार्सल रॅकवर ठेवले जाते आणि त्याचा पत्ता डेटाबेसमध्ये. रॅकवरची जागा डोळ्यांना दिसते. पत्त्याची जागा दिसत नाही आणि लेबलवर तालुक्याचे नाव अर्धवट छापले गेले की गडबड लक्षात येते.

डेटाबेसमध्ये मजकुरासाठी प्रामुख्याने दोन प्रकारची फील्ड असतात. कॅर(५०) म्हणजे ५० अक्षरांचा पक्का खण. मजकूर छोटा असला तरी उरलेला खण स्पेसने भरला जातो. व्हारकॅर(५०) मध्ये ५० ही फक्त कमाल मर्यादा. जेवढा मजकूर, तेवढी जागा. लांबीची नोंद ठेवायला मायएसक्यूएल वर १ किंवा २ बाइट घेते, इतकेच. त्यामुळे व्हारकॅर(२५५) लिहिले की दर नोंदीला २५५ बाइट अडकतात, हा समज चुकीचा आहे. अर्थात मर्यादा उगाच फुगवण्यातही शहाणपण नाही. एसक्यूएल सर्व्हर क्वेरीसाठी मेमरी राखताना असे फील्ड निम्मे भरलेले असेल असे धरून चालतो.

मराठीत हिशेब का बदलतो?

१९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी तयार केलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत साधे रोमन अक्षर १ बाइट घेते, देवनागरी चिन्ह ३ बाइट. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'कशेळी'त अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. रोमन लिपीत हेच नाव ७ अक्षरांत आणि ७ बाइटमध्ये बसते.

'कशेळी, ता. भिवंडी, जि. ठाणे' हा पत्ता २७ चिन्हांचा, पण ६५ बाइटचा. एखाद्या सॉफ्टवेअरने तो ३० बाइटवर कापला, तर हाती राहते 'कशेळी, ता. भ' आणि पुढे एक तुटके चिन्ह. रत्नागिरीच्या राजापूर तालुक्यातही एक कशेळी आहे, हे इथे विसरून चालत नाही.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस मर्यादा चिन्हांमध्ये मोजतात. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२(३०) म्हणजे सहसा ३० बाइट, देवनागरीत फक्त १० चिन्हे. तिथे व्हारकॅर२(३० कॅर) असे स्पष्ट लिहावे लागते. तरीही नेहमीच्या सेटिंगमध्ये ४,००० बाइटची वरची मर्यादा कायम राहते. तेवढ्यात देवनागरीची १,३३३ चिन्हेच मावतात.