घरातलं थिएटर : लेखांक ५
खिडकीच्या खोलीतली मांडामांड

गेल्या आठवड्यात स्पीकर निवडून झाले. आता ते खोलीत मांडायचे, आणि इथेच बहुतेकांचं घोडं खिडकीपाशी अडतं. ‘खिडकी बुजवूनच टाकू का?’ असं विचारणारेही भेटतात. कृपा करून बुजवू नका. हवा कोंडलेली खोली पावसाळ्यात कुबट होते, आणि आवाजाच्या दृष्टीने खिडकी वाटते तितकी वाईट नसतेच.

११ बाय १४ फुटांची बेडरूम धरू. डाव्या लांब भिंतीला स्लायडिंगची खिडकी, उजवी भिंत मोकळी, टीव्ही ६५ इंची. टीव्ही ११ फुटी भिंतीवर लावा, म्हणजे खिडकी बाजूला राहील. ती समोर आली तर स्क्रीनमध्ये तिचं प्रतिबिंब दिसतं आणि टीव्हीमागे आली तर दिवसा डोळ्यांवर उजेड येतो.

मग आधी सोफा. आपल्याकडे तो मागच्या भिंतीला टेकलेलाच असतो. तिथे खर्ज फुगून ऐकू येतो, आणि सराउंड स्पीकर कानांच्या मागे न्यायला जागाच उरत नाही. अगदी मधोमधही बसू नका. १४ फुटांच्या दोन टोकांमध्ये सुमारे ४० हर्ट्झचा स्वर घुमतो आणि बरोबर मध्यावर तोच जवळजवळ नाहीसा होतो. कान समोरच्या भिंतीपासून साडेआठ फुटांवर येतील असा सोफा पुढे ओढा. तिथून ही स्क्रीन साधारण ३० अंशांत दिसते, सिनेमाला ते छान. मागची रिकामी जागा घरच्यांना खटकेल, पण हा आग्रह सोडू नका. एक पैसा न खर्चता एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

पुढचे दोन स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे, एकमेकांपासून सात-साडेसात फुटांवर, ट्वीटर कानाच्या उंचीला. सेंटर टीव्हीखाली, तोंड किंचित वर.

आता खिडकी. तुम्ही सोफ्यावर बसा आणि कुणाला तरी डाव्या भिंतीलगत कानाच्या उंचीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. ज्या जागी आरशात डावा स्पीकर दिसेल, तिथेच त्याचा आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. आपल्या खोलीत ही जागा समोरच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे बरेचदा नेमकी काचेवर येते. हा परतलेला आवाज सव्वादोन फूट जास्त चालून दोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्या कमी वेळात कानाला वेगळा प्रतिध्वनी कळत नाही, पण आवाज कर्कश होतो. त्यातून उजवीकडे पडदा किंवा उघडं दार असेल तर सगळा आवाज डावीकडे कलल्यासारखा वाटतो. माझ्या मते खिडकीच्या खोलीतलं खरं दुखणं हेच, दोन बाजूंचा असमतोल.

ध्वनिशास्त्रात खिडकीला मानाचं स्थान आहे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियममधलं व्याख्यानगृह फार घुमतं म्हणून ते सुधारायचं काम वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री आणून, पहाटेपर्यंत मोजमापं करून त्याने आवाज किती शोषला जातो याचा हिशोब बसवला. त्यासाठी त्याने धरलेलं माप म्हणजे उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचं शोषण पूर्ण एक.

खिडकी बंद केली की हिशोब पालटतो. साध्या काचेचा शोषणांक १२५ हर्ट्झला साधारण ०.३५ असतो, ४००० हर्ट्झला जेमतेम ०.०४. खर्जात काच स्वतः थरथरते आणि बराच आवाज बाहेर जातो, तार स्वर मात्र जवळजवळ तसाच परत फेकते. चुण्या पाडलेल्या जाड मखमली पडद्याचं नेमकं उलट, १२५ ला ०.१४ आणि ४००० ला ०.६५. म्हणजे काच आणि पडदा एकमेकांची उणीव भरून काढतात. पडदा लावलेली खिडकी कोऱ्या सिमेंटच्या भिंतीपेक्षा कितीतरी चांगली, ती यामुळेच.

कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या आणि काचेपासून चार-सहा इंच सोडून टांगा. जाळीच्या पडद्याचा इथे उपयोग नाही. समोरच्या उजव्या भिंतीवर त्याच जागी तसाच पडदा हवा. सनमायकाचं कपाट तिथे नको, तेही काचेसारखंच वागतं.

सराउंड स्पीकर नाकासमोरच्या रेषेपासून दोन्हीकडे १०० ते १२० अंशांवर, कानांपेक्षा फूटभर उंच. त्या जागी खिडकी आली तर स्टँड वापरा, पण पडद्याआड ठेवू नका.

शेवटी सबवूफरवर ३० ते ८० हर्ट्झचा हळूहळू चढणारा स्वर लावा आणि पडदा सारून काचेच्या चौकटीवर हात ठेवा. कुठल्या तरी स्वराला तावदान रुळात खुळखुळेलच. झिजलेली ब्रशपट्टी बदला, सैल कडी आवळा, बाहेरच्या ग्रिलचे स्क्रूही तपासा. सबवूफर कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा, ते पुढच्या लेखात.