ब्रेक फेल नव्हे, गिअर सुटला

चंडीगडहून टॅक्सीने शिमल्याला निघालेल्या मराठी पर्यटकांना परवाणूपासून घाट लागतो आणि समोरून उतरणारे ट्रक भेटू लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांत सफरचंदाच्या पेट्या असतात. अशा रस्त्यावर ट्रक उलटला की बातमीत कारण ठरलेले असते : ब्रेक फेल. ट्रकविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे.

लांब उतारावर भरलेला ट्रक ब्रेकने नव्हे, गिअरने आवरायचा असतो. शिमला सुमारे 2,200 मीटर उंचीवर, चंडीगड 320 मीटरवर. दहाचाकी ट्रकचे मान्य एकूण वजन 28.5 टन. एवढा भार नुसत्या ब्रेकवर खाली आणला, तर ड्रम आणि लायनर तापत जातात आणि त्यांची पकड कमी होते. पेडल दाबलेले असते, गाडी मात्र थांबत नाही. इथे काही तुटलेले नसते. ब्रेकवर न पेलणारे काम टाकलेले असते. खालच्या गिअरमध्ये हेच काम इंजिन करते, कारण तेव्हा चाकांना इंजिन ओढत न्यावे लागते आणि वेग आपोआप आवरतो. ‘ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर’ हा चालकांचा जुना नियम यातूनच आला. हा गिअर उतार लागण्याआधी टाकावा लागतो. गाडीने वेग घेतल्यावर खालचा गिअर पडेलच असे नाही, आणि त्या खटाटोपात ती न्यूट्रलमध्येच अडकू शकते.

मग काही चालक मुद्दाम न्यूट्रल का करतात? डिझेल वाचेल म्हणून. ही समजूत आता पूर्णपणे चुकीची आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर पडलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे डिझेल जळतच राहते. इंजिनच बंद केले तर धोका कितीतरी वाढतो : पॉवर स्टीअरिंग जड होते आणि कॉम्प्रेसर थांबल्याने प्रत्येक ब्रेकगणिक टाकीतली हवा संपत जाते. पुण्यात 20 नोव्हेंबर 2022 रोजी नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने डझनावारी वाहनांना धडक दिली. तिथेही आधी ब्रेक फेलचीच चर्चा झाली. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडल्याचे पुढे आले. या सवयीसाठी चालकाला दोष देताना मालकाकडेही पाहायला हवे. वाचवलेल्या डिझेलचा हिशेब जिथे चालकाच्या कमाईला जोडलेला असतो, तिथे न्यूट्रलचा मोह मालकच निर्माण करतो.

हाताने गिअर बदलण्यात लक्ष विचलित होते, असेही म्हटले जाते. इस्रायलमधले संशोधक डेव्हिड शिनार आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हे तपासले. नवशिक्यांच्या नजरेतून रस्त्यावरच्या खुणा ऑटोमॅटिकपेक्षा मॅन्युअल गाडीत जास्त निसटल्या. अनुभवी चालकांत असा फरक दिसला नाही. सराव झाला की गिअर मनावर ओझे टाकत नाही.

फोनचे मात्र तसे नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने हातातला फोन वापरणे धोकादायक वाहनचालनात धरले. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कायदा ‘हातातला’ म्हणतो, म्हणून इअरफोन सुरक्षित, असा सोयीचा अर्थ लोकांनी काढला. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेअर यांच्या सिम्युलेटरवरील प्रयोगांत हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांच्याही प्रतिक्रिया मंदावल्या. डोळे रस्त्यावर असूनही समोरचे नजरेत भरत नव्हते. मेसेज टाइप करणे तर सर्वांत वाईट. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया टेकच्या अभ्यासात टाइप करणाऱ्या ट्रकचालकांची नजर सहा सेकंदांतली 4.6 सेकंद रस्त्यावरून हटलेली आढळली. ताशी 40 किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी 50 मीटर पुढे जाते.

बेसावध म्हटले की बोट पुन्हा ट्रककडेच वळते. पण घाटात फोनवर बोलत ट्रकला खेटणारे छोट्या गाड्यांतही कमी नाहीत. उंच केबिनच्या अगदी पुढे आणि डाव्या बाजूला चालकाला न दिसणारा मोठा भाग असतो. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. आणि उतरणाऱ्या ट्रकने पुढच्या वाहनामागे सोडलेले अंतर म्हणजे ओव्हरटेक करून घुसण्यासाठी ठेवलेली जागा नव्हे. ते त्याचे थांबण्याचे अंतर असते. तिथे गाडी घातली की, गिअरवर शांतपणे उतरत असलेल्या चालकाला ब्रेकवर पाय ठेवावा लागतो.