तीन महिन्यांची शांतिसेना

सायप्रसमध्ये शांतिसेना पाठवण्याचा १८६ क्रमांकाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ४ मार्च १९६४ रोजी संमत केला, तेव्हा सेनेची मुदत होती तीन महिने. बेट १९६० मध्ये ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाले होते. डिसेंबर १९६३ मध्ये ग्रीक आणि तुर्की सायप्रसवासीयांमध्ये हिंसाचार उसळला आणि एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ती ‘ग्रीन लाइन’ आजही आहे.

सेनेचे पहिले प्रमुख भारतीय होते : लेफ्टनंट जनरल पी. एस. ग्यानी. नंतर माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या आले. डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले आणि सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. सर्वांत कठीण दिवस वाट्याला आले ते लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद यांच्या. १५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने सत्तापालट झाला आणि पाचच दिवसांत तुर्की फौजा उतरल्या. निकोसियाचा विमानतळ कुणाच्याच हाती पडू नये म्हणून संयुक्त राष्ट्रांनी तो आपल्या संरक्षणाखाली घेतला. तिथली नियमित प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू झाली नाही.

ऑगस्टमधील युद्धबंदीनंतर सेनेचे काम पालटले. तेव्हापासून ती दोन्ही बाजूंच्या फौजांमधला सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा राखते. काही ठिकाणी तो सात किलोमीटरहून रुंद आहे. जुन्या निकोसियात मात्र गिरगावातल्या दोन चाळींमधल्या बोळाएवढा. पट्ट्यात शेती चालते, पीला गावात दोन्ही समाज राहतात. पुढे सरकवलेली चौकी मागे घ्यायला लावणे, असे हे किरकोळ वाटणारे काम. ते किरकोळ नाही : ऑगस्ट २०२३ मध्ये पीलाजवळच्या रस्त्याच्या वादात शांतिसैनिकांनाच मार खावा लागला.

तीन महिन्यांची ती मुदत वाढतच आली आहे. प्रत्येक मुदतवाढीआधी सरचिटणीसांचा अहवाल येतो, ब्रिटन मसुदा तयार करतो, परिषद मतदान करते. अनेक दशके ही वाढ सहा-सहा महिन्यांची असे. जानेवारी २०२३ पासून ती वर्षाची झाली. संमती मात्र सायप्रस सरकारचीच गृहीत धरली जाते, आणि आपल्याला कुणी विचारत नाही ही उत्तरेकडील तुर्की सायप्रसवासीयांची तक्रार दर खेपेस कायम राहते. सेना शांतता राखते म्हणून तडजोडीची निकड उरत नाही, हा आक्षेपही जुनाच. पण ती काढून घेण्याची जोखीम कुणी पत्करलेली नाही. पूर्वी खर्च ऐच्छिक देणग्यांवर चाले आणि सतत तूट येई. १९९३ पासून तो सदस्य राष्ट्रांच्या वर्गणीतून भागतो. त्यातला एक तृतीयांश वाटा सायप्रस स्वतः उचलतो, ग्रीसही दरवर्षी ६५ लाख डॉलर देतो.