'कॉर्न' म्हणजे नेमके काय?

बियाण्याच्या पिशवीवर, तणनाशकाच्या इंग्रजी माहितीपत्रकात आणि हॉटेलच्या मागणीपत्रात 'कॉर्न' हा शब्द वारंवार दिसतो. येवला, नांदगाव, मालेगाव भागात मका हे खरिपाचे महत्त्वाचे पीक असल्याने आपण त्याचा अर्थ सरळ 'मका' असा घेतो. हा अर्थ प्रत्येक वेळी बरोबर असतोच असे नाही.

शब्दाचे मूळ

'कॉर्न'चा जुना अर्थ दाणा असा आहे. काळ्या मिरीच्या दाण्याला 'पेपरकॉर्न' म्हणतात ते यामुळेच. पुढे त्या त्या भागातील मुख्य धान्याला हे नाव पडले. इंग्लंडमध्ये ते गव्हाला, तर स्कॉटलंडमध्ये ओटला वापरले जाई. इंग्लंडमधील १८१५ चे 'कॉर्न लॉ', जे १८४६ मध्ये रद्द झाले, ते मुख्यतः गहू व इतर धान्याच्या आयातीसंबंधी होते. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी तेथील मक्याला 'इंडियन कॉर्न' म्हटले. यातील 'इंडियन' म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. भारताशी त्याचा संबंध नाही. पुढे नुसते 'कॉर्न' उरले. पायाच्या कुरूपालाही 'कॉर्न' म्हणतात, परंतु तो शब्द शिंग या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे.

फवारणीत दक्षता

ब्रिटिश पुस्तकातील 'कॉर्न' गहू किंवा सातू असू शकतो. अमेरिकन पत्रकातील 'कॉर्न' मात्र मकाच असतो. ॲट्राझीन हे तणनाशक मका सहन करतो, पण गहू त्याने जळतो. म्हणून माहितीपत्रकात 'झिया मेज' हे मक्याचे शास्त्रीय नाव आहे काय, ते अवश्य पाहावे.

बियाणे घेताना

स्वीटकॉर्न, पॉपकॉर्न व बेबीकॉर्न हे तिन्ही मकाच आहेत, परंतु त्यांची लागवड सारखी नाही.

स्वीटकॉर्नवर शेजारच्या साध्या मक्याचे पराग पडल्यास दाण्याची गोडी कमी होते. यासाठी दोन्ही पिके एकाच वेळी फुलोऱ्यात येणार नाहीत, अशा बेताने दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने पेरणी करावी.

पॉपकॉर्नसाठी कठीण दाण्याचा वेगळा प्रकार लागतो. साध्या मक्याच्या तशा टपोऱ्या लाह्या होत नाहीत. लाह्यांच्या दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा राखावा.

बेबीकॉर्न म्हणजे परागीभवनापूर्वी तोडलेले कोवळे कणीस. केस बाहेर पडल्यानंतर १ ते ३ दिवसांत तोडणी करावी. उशीर झाल्यास कणीस जून होते व माल नाकारला जातो.

विक्री करताना

आपल्याकडे 'कॉर्नफ्लोअर' म्हणजे मक्यापासून काढलेला पांढराशुभ्र स्टार्च. अमेरिकेत त्याला 'कॉर्न स्टार्च' म्हणतात आणि 'कॉर्न फ्लोअर' म्हणजे मका दळून केलेले पीठ. मका दळून विकणाऱ्या बचतगटांनी पिशवीवर 'मक्याचे पीठ' असेच छापावे. 'कॉर्नफ्लोअर' छापल्यास सूप घट्ट करण्यासाठी ते नेणारा ग्राहक माल परत आणील.

थोडक्यात, बियाणे, औषध किंवा विक्रीचा करार यांत 'कॉर्न' एवढाच शब्द असेल तर पीक कोणते, प्रकार कोणता आणि माल कोणत्या अवस्थेत हवा, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर लेखी घ्यावे आणि मगच पुढील व्यवहार करावा.