लांबची वाट, लवकरची पोहोच

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं, तेव्हा ते पश्चिमेला निघायचं आणि युरोप, अटलांटिक ओलांडून अमेरिकेत शिरायचं. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने विमानाचं तोंड पूर्वेकडे वळवलं : चीन, जपान, मग अथांग प्रशांत महासागर. अंतर १५,३०० किलोमीटर झालं, म्हणजे चौदाशे किलोमीटरची भर. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर!

भागाकार करून पाहा. वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर जातो. एवढं मोठं प्रवासी विमान हवेतून ताशी नऊशेच्या आसपासच उडतं. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्याने दिले.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गार. या फरकातून वारा सुटतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतो. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, म्हणून वाराही जोर धरतो. कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. ‘खाली पृथ्वी फिरते, म्हणून एका दिशेला लवकर पोहोचतो’ असं अनेकजण सांगतात. ते खरं नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, आणि विमान त्या वातावरणातच असतं.

मग या दोन शहरांमधलं खरं अंतर किती? घरातल्या पृथ्वीगोलावर दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाईल आणि सुमारे १२,४०० किलोमीटर भरेल. संगणक सांगतो ते हेच अंतर. विमान मात्र त्या दोऱ्यावरून क्वचितच जातं. वारा पाहावा लागतो, इंधन पाहावं लागतं, आणि कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे तेही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्राकडून वळसा पडला. शहरं जागच्या जागी राहिली, प्रवास वाढला.

म्हणून दोन विमानतळांमधल्या किलोमीटरवरून प्रवासाचा वेळ काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांना एवढंच सांगेन : तिकिटावरच्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यांची वजाबाकी करू नका. दिल्लीहून पहाटे चारला निघालेलं विमान साडेचौदा तास उडून उन्हाळ्यात त्याच तारखेला सकाळी सहाला सॅन फ्रान्सिस्कोला उतरू शकतं. प्रवासाचा एकूण वेळ वेगळा दिलेला असतो. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही स्वतंत्र पाहा, आणि पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.