गुडघा किती वाकतो? दोन सेन्सर सांगतात

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट गोनिओमीटर लावून कोन मोजतात. पण तो बहुतेकदा पेशंट पलंगावर आडवा असतानाचा! जिना चढताना काय होतं, ते बघायला अंगावर बांधायचे सेन्सर हवेत, आणि त्यांची रचना मला फार सुंदर वाटते.

एक सेन्सर मांडीवर, दुसरा नडगीवर. प्रत्येकात जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर. जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो; त्याची सतत बेरीज केली की कोन मिळतो. मात्र बारीक चुकाही त्या बेरजेत साचत जातात आणि आकडा हळूहळू भरकटतो. अ‍ॅक्सिलरोमीटरला गुरुत्वाकर्षणामुळे ‘खाली’ कुठे ते कळतं, पण पाऊल आपटलं की तो गोंधळतो. दोघांची सांगड घालायला अनेकदा वापरतात कालमन फिल्टर, म्हणजे १९६० सालचं गणित! मग मांडी आणि नडगी यांच्या कलांतला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन.

सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो. उकिडवं बसायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त.

स्वतः करून पाहणार असाल तर पट्टा घट्ट बांधा, कारण कातडी आणि स्नायू हलले की सेन्सरही हलतो. आणि आधी सरळ उभं राहून शून्य नोंदवून घ्या.