मूळ रंगातली इम्पाला

अमेरिकेत जुनी मोटार विकत घ्यायला निघालेल्या माणसाला १९६५ची शेव्हरोले इम्पाला बहुधा दोन रूपांत भेटते. एक नव्याने सजवलेली असते. तिला खोल चकाकीचा रंग असतो, गाद्या कोऱ्या असतात, इंजिनसुद्धा रंगवलेले असते. दुसरी नुसती जपलेली असते. तिच्यावर कारखान्यात बसलेलाच रंग असतो, ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला तो घासून पातळ झालेला असतो आणि पुढच्या सीटच्या कापडाला वर्षानुवर्षांच्या बसण्याने खळगा पडलेला असतो. गर्दी पहिलीभोवती जमते. माझे मत दुसरीला आहे. पहिलीसारखी गाडी चांगला मेस्त्री आजही उभी करू शकतो. दुसरी कितीही पैसे ओतले तरी कोणाला उभी करता येत नाही.

ही गाडी आकाराने केवढी होती ते आधी सांगायला हवे. लांबी २१३ इंच, म्हणजे पावणेअठरा फूट. रुंदी साडेसहा फुटांहून थोडी जास्त. आपल्या अँबॅसिडरपेक्षा ती मीटरभर लांब. पुढेही अखंड सीट, मागेही अखंड सीट, त्यामुळे सहा माणसे सहज मावत आणि डिकीत त्या सहाजणांचे सामान. एवढी गाडी लागायची कशाला, याचे उत्तर त्या काळच्या अमेरिकेत आहे. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि ४१,००० मैलांच्या रस्त्यांचे काम निघाले. शहराबाहेर घरांच्या वसाहती पसरल्या. पेट्रोल गॅलनला तीस सेंटच्या आसपास मिळत होते, त्यामुळे गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटरच देते म्हणून कोणी तक्रार करत नसे. शेव्हरोलेने १९६०च्या मॉडेलात कॉर्व्हेअर आणि १९६४च्या मॉडेलात शेव्हेल अशा लहान गाड्याही बाजारात आणल्या, तरी घरची मुख्य गाडी म्हणून लोक इम्पालाच घेत राहिले. १९६५च्या मॉडेलच्या दहा लाखांहून अधिक इम्पाला विकल्या गेल्या. एका वर्षात, एका नावाच्या.

मुंबईकरांच्या मनातली इम्पाला मात्र अगदी वेगळी. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता, पण तो १९५४मध्ये बंद झाला आणि इम्पाला जन्मली १९५८मध्ये. त्यामुळे ती इथे कधीच जुळवली गेली नाही. ज्या थोड्या आल्या त्या वकिलातींच्या, नाहीतर फार मोठ्या माणसांच्या. साठच्या दशकातल्या हिंदी सिनेमात बंगल्याच्या दाराशी इम्पाला उभी राहिली की मालक कोण आहे ते निराळे सांगावे लागत नसे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या उतरंडीत कॅडिलॅक सर्वांत वर, मग ब्यूक, ओल्ड्समोबाइल, पॉन्टियाक आणि सर्वांत खाली शेव्हरोले. इम्पाला ही शेव्हरोलेची वरच्या दर्जाची गाडी खरी, पण ती शाळेतला शिक्षक, गिरणीतला मुकादम, किराणा दुकानदार यांच्या आवाक्यातली होती. इकडे श्रीमंतीची खूण ठरलेली गाडी तिकडे दर दुसऱ्या अंगणात उभी असे. जपलेली इम्पाला मला मोलाची वाटते ती याचमुळे. राजेरजवाड्यांच्या गाड्या सांभाळायला माणसे ठेवलेली असतात. सामान्य घरातली वापराची गाडी मात्र झिजवली जाते, विकली जाते, शेवटी भंगारात जाते.

१९६५चे मॉडेल निवडण्याचे कारण यांत्रिक आहे. १९५८ ते १९६४ या वर्षांच्या इम्पालाची चॅसिस इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची होती. मधे बारीक, बाजूंना आधार नाही. १९६५ला ती गेली आणि गाडीच्या कडेने फिरणारी नवी चौकट आली. दारांच्या काचा बाहेरच्या बाजूला गोलाई घेऊन आल्या, त्यामुळे आत खांद्यांना जागा मिळाली. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग. मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल लाल दिवे, ही इम्पालाची जुनी ओळख, ती तशीच राहिली. इंजिने पुष्कळ होती: सरळ सहा सिलेंडरचे २३० घनइंची, व्ही-आठमध्ये २८३, ३२७, ४०९ आणि वर्षाच्या मध्यावर आलेले ३९६. सर्वसाधारण घराने घेतली ती २८३ची, म्हणजे साडेचार लिटरहून थोडी मोठी, आणि सोबत पॉवरग्लाइड हा दोनच गिअरचा ऑटोमॅटिक. दोन गिअर ऐकून आजच्या माणसाला कमी वाटेल. पण त्या इंजिनाला खालच्या फेऱ्यांतच इतका जोर आहे की गाडी चढावरही कुरकुरत नाही. ती घाई करत नाही. खड्डा आला तर गाडी एकदा खाली बसते, एकदा वर येते आणि पुढे जाते.

आता अशी गाडी विक्रीला आली तर ती वाचायची कशी? सुरुवात नंबराच्या पट्टीपासून. ती ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते. समजा नंबर १६४६९५जे असा सुरू होतो. पहिला १ म्हणजे शेव्हरोले. ६४ म्हणजे आठ सिलेंडरची इम्पाला. सहा सिलेंडरची असती तर ६३. ६९ म्हणजे चार दारांची सेडान, ५ म्हणजे १९६५ आणि जे म्हणजे विस्कॉन्सिनमधला जेन्सव्हिलचा कारखाना. पुढे सहा आकडी क्रमांक. ही साधी गोष्ट माहीत असली तर मोठी फसवणूक टळते. सुपर स्पोर्ट या महाग प्रकाराचा नंबर १६५ किंवा १६६ने सुरू होतो. गाडीवर एसएसची पदके आणि खांबावर १६४ असेल, तर पदके मागाहून लावलेली आहेत.

दुसरी पट्टी बोनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर, फिशर या बॉडी बनवणाऱ्या शाखेची. तिच्यावर रंगाचा आणि सीटच्या कापडाचा सांकेतिक क्रमांक असतो, बांधणीचा महिना आणि आठवडाही असतो. तिसरी खूण इंजिनावर, उजव्या हेडच्या पुढे सपाट केलेल्या जागी ठोकलेली: कारखाना, तारीख आणि प्रकार. फ्लिंटमध्ये बनलेल्या इंजिनाचा शिक्का एफने सुरू होतो. काचांच्या कोपऱ्यातही तारखेची अक्षरे असतात. या सगळ्या तारखा एकमेकींशी जुळल्या आणि इंजिनाची तारीख बॉडीच्या थोडी आधीची निघाली, की गाडी बोलू लागते. आणि मालकाकडे प्रोटेक्ट-ओ-प्लेट असेल तर दुधात साखर. १९६५पासून शेव्हरोले वॉरंटीच्या पुस्तिकेत धातूची एक छोटी पट्टी देत असे. तिच्यावर पहिल्या मालकाचे नाव आणि इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल यांचे क्रमांक उठावाने छापलेले असत. साठ वर्षे ती पुस्तिका खणात टिकवणारे घर गाडीही नीट टिकवते.

किलोमीटर, म्हणजे तिथे मैल, मोजणाऱ्या यंत्रावर विसंबू नये. त्याला पाचच आकडे आहेत. ९९,९९९नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. ४३,००० दिसले तर ते १,४३,०००ही असू शकतात. ब्रेकच्या पेडलचे रबर, दाराचा हात टेकायचा भाग, दार लावताना बिजागरी खाली ओढली जाते का, हे पाहावे. मग गंज. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खाते. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण उन्हाने गाद्या फाटतात. मागच्या काचेखालची पन्हळ, डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा, मागच्या चाकामागचा कोपरा आणि मागच्या अॅक्सलवरची चॅसिस, एवढ्या जागा गुडघे टेकून पाहाव्यात. लोहचुंबक जवळ ठेवावा. तो जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

त्या काळचा रंग अॅक्रिलिक लॅकरचा. तो पातळ असतो आणि वयानुसार त्याला बारीक तडे जातात. अशा तड्यांना पाहून रंगारी बोलावणारे मालक मला समजत नाहीत. एकदा रंग खरवडला की कारखान्याचा हात कायमचा पुसला जातो. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका या संस्थेने मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला आहे, आणि तिथे झीज हा दोष धरला जात नाही. हा विचार योग्यच आहे.

प्रेमापोटी धोका मात्र लपवू नये. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि मास्टर सिलेंडर एकेरी, म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. धडकेत आत दबणारा स्टेअरिंगचा दांडा जनरल मोटर्सने १९६७पासून दिला. पट्टा फक्त कमरेचा. २००९मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू समोरासमोर धडकवली. जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी ठेवलेला पुतळा वाचण्याच्या स्थितीत उरला नाही. नवी चौकट आली असली तरी १९६५ची इम्पाला आजच्या गाडीच्या जवळपासही येत नाही. म्हणून दुहेरी मास्टर सिलेंडर बसवावा, टायर दिसायला चांगले असले तरी जुने झाले की बदलावेत, रबरी नळ्या नव्या घालाव्यात. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला तो परत बसवता येईल.

जपायचे, कारण आता नवी इम्पाला बनत नाही. जेन्सव्हिलच्या कारखान्यातून जनरल मोटर्सची शेवटची गाडी डिसेंबर २००८मध्ये बाहेर पडली. इम्पाला हे नाव लावलेली शेवटची गाडी फेब्रुवारी २०२०मध्ये डेट्रॉईटला बनली.

मिशिगन, इलिनॉय, कॅलिफोर्निया इथे स्थिरावलेल्या मराठी वाचकांपैकी काहींना अशी गाडी घ्यायची हौसही असेल. त्यांना माझे सांगणे एवढेच, की उघड्या टपाच्या किंवा दोन दारांच्या गाडीमागे धावू नका. त्यांची किंमत चढलेली आहे आणि त्यांच्यात बनावटही जास्त. दारांमधे खांब असलेली चार दारांची साधी सेडान, २८३चे इंजिन, पॉवरग्लाइड, मूळ रंग आणि सोबत कागदपत्रे, अशी मिळाली तर घ्या. बाजार तिला कमी लेखतो, तिचे सुटे भाग काढून दोन दारांच्या गाड्यांना लावतो, आणि म्हणूनच ती दर वर्षी कमी होत चालली आहे. घेतलीत तर रंगवू नका.